कडुबा कुठल्याच यादीत नव्हता

कडुबा सोनुनेबद्दल लिही, असं मला कुणीही म्हटलेलं नाही. उलट तो विषय निघाला की मी जागेवरून उठतो. आम्हा निवृत्त लोकांची महिन्यातून एकदा बैठक असते. तिथे कुणीतरी हसत हसत विचारतं, "तो रेकॉर्डवाला येडा, त्याचं पुढं काय झालं हो?" आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने माठाकडे जातो. बायकोला मी अर्धं सांगितलं होतं. मुलाला तेवढंही नाही. आता वय ऐंशी झालं, आणि माठाकडे जाण्याचाही कंटाळा आला आहे. म्हणून लिहितो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण दोष भिंतींचा नव्हता. तो आमचा होता, आणि त्यातला मोठा वाटा माझा.

एक्क्याऐंशी साली जालना जिल्हा वेगळा झाला. नवीन कार्यालय, नवीन पाट्या, आणि जुन्या जिल्ह्यातून ट्रकने आलेले कागद. कापडात बांधलेल्या कागदांच्या गाठोड्याला आमच्याकडे रुमाल म्हणतात. असे हजारो रुमाल एका पत्र्याच्या गोदामात येऊन पडले. काही निजामाच्या काळचे, उर्दूतले, काही मोडीतले. ते उतरवायला आठ माणसं रोजंदारीवर घेतली. सात जण रुमाल फेकत होते. आठवा झेलून भिंतीला लावत होता. साहेबांनी संध्याकाळी येऊन पाहिलं, तर एका भिंतीला उकिरडा आणि दुसऱ्या भिंतीला तालुकावार, सालवार रांग. "हे कुणी लावलं?" म्हणून विचारलं, तर तो साहेबांच्या शर्टाच्या बटणाकडे बघून म्हणाला, "मी. पन भोकरदनचे बारा कमी हायेत."

बारा खरंच कमी होते. दुसऱ्या ट्रकात आले.

हा कडुबा. भोकरदन तालुक्यातल्या धावड्याचा, मॅट्रिक पास, वय पंचवीसच्या आसपास. त्याला ठेवून घेतलं. चार वर्षांनी तो कनिष्ठ लिपिक झाला, पण बसायची जागा तीच, गोदामाच्या दारापाशी, पाठ भिंतीला लावून.

त्याच्याशी बोलणं ही एक शिकण्याची गोष्ट होती. सकाळी आपण सगळेच विचारतो, "कसं काय, कडुबा?" आणि पुढे चालू लागतो. कडुबा थांबवून उत्तर द्यायचा. "पोट बराबर न्हाई. रात्री चार तास झोपलो. डावा गुडघा दुखून राह्यला. तुमचं कसं काय, भाऊसाहेब?" आणि उत्तर मिळेपर्यंत वाट पाहायचा. मी "बरं आहे" म्हटलं की त्याला ते पुरायचं नाही. "बरं म्हंजे?" लेखा शाखेतला पठाडे म्हणायचा, "याला कसं काय विचारायचं म्हंजे अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकून यावं." आम्ही हसायचो. कडुबा हिशेब करून सांगायचा, "न्हाई, तीन मिनटं लागत्यात."

एक वाजता तो पायरीवर बसून दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायचा. तिसरी भाकरी नाही, भाजी नाही, पंधरा वर्षांत बदल नाही. सणाला कुणी पुरणपोळी पुढे केली तर तो घाबरल्यासारखा मागे सरायचा. अंगाला कुणी हात लावलेला त्याला चालत नसे. काम लागलं की तो जागेवरच मागे-पुढे डोलायचा, आणि डोलता डोलता नेमका रुमाल काढून आणायचा. कागद मागायला आलेल्या शेतकऱ्याला "उद्या या" म्हणणं त्याला जमतच नसे. कागद असेल तर आत्ता, नसेल तर "न्हाई, आला न्हाई, येनारबी न्हाई." हसनाबादचा एक म्हातारा मला म्हणाला होता, "तुमच्या हापिसात ह्यो एकच मानूस सरळ बोलतो बघा." मी ते त्या वेळी तक्रार म्हणूनच ऐकलं.

एकदा रंगपंचमीच्या आदल्या दिवशी पठाडेने गंमत केली. कडुबा भाकरी खायला पायरीवर गेला तेव्हा त्याने आणि दोघा शिपायांनी वीस रुमाल इकडचे तिकडे केले. आम्ही सगळे दारात उभे राहिलो, बघायला. कडुबा आला, एक नजर टाकली, आणि खाली बसला. दोन्ही हात डोक्यावर, तोंडातून बारीक आवाज, आणि ते डोलणं. बराच वेळ. मग उठला आणि एकेक जागेवर लावू लागला. साडेचारला तो लेखा शाखेत आला. चेहरा घामाने निथळत होता.

"पठाडे, तुम्ही वीस हलवले. एकोनीस सापडले. विसावा सापडून न्हाई राह्यला."

विसावा पठाडेच्या बुडाखाली होता. तो उठला आणि टाळी देऊन हसला. सगळे हसले. मी आस्थापना शाखेचा प्रमुख होतो. एका शब्दात ते थांबवू शकलो असतो. मी पोट धरून हसलो.

त्याच कडुबाने माझी नोकरी सांभाळली, हेही इथे लिहायला हवं, नाहीतर पुढचं सगळं कमी घाण वाटेल. माझ्या सेवापुस्तकात पहिल्या दोन वर्षांची नोंद नव्हती. जुन्या जिल्ह्यातून कागद येताना हरवली होती. ती नसती तर माझी ज्येष्ठता खाली घसरली असती. वर लिहिलं, खाली लिहिलं, कुणी दाद देईना. एका जेवणाच्या सुट्टीत मी सहज कडुबापाशी रडगाणं गायलो. सोळा दिवसांनी माझ्या टेबलावर एक हजेरीपट आणून ठेवला. त्या दोन वर्षांतल्या एकेका महिन्यावर माझी सही होती. रोजचं काम संपवून त्याने त्या सालचे सगळे रुमाल पान-पान उलटले होते.

मी म्हणालो, "कडुबा, तुझे उपकार कसे फेडू?"

तो विचारात पडला. त्याला वाटलं, मी खरंच विचारतोय. मग म्हणाला, "हजेरीपट काम झाल्यावर परत द्या. त्याची जागा रिकामी हाये."

सत्त्याण्णवच्या सुमारास नवे साहेब आले. कडक इस्त्री, मोठा आवाज, आणि प्रत्येकाने डोळ्यात डोळे घालून बोललं पाहिजे हा हट्ट. त्यांना गोदामाशेजारी संगणक कक्ष करायचा होता. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "तीन वर्षांवर एका टेबलावर कोणी नको. सगळ्यांची टेबलं बदला." नियम होताच. कधी पाळला नव्हता इतकंच. यादी मी केली. पठाडे अकरा वर्षं एकाच टेबलावर होता. त्याने साखरेच्या आजाराचा कागद जोडला, मी शेरा मारला आणि तो जागच्या जागी राहिला. कडुबाकडे कागद नव्हता. त्याच्या आजाराला, तो आजार असेल तर, नाव नव्हतं. शेरा मारायला मला नाव लागत नव्हतं. मनात आणलं असतं तर "अभिलेखांची माहिती असलेला एकमेव कर्मचारी" एवढं लिहूनही भागलं असतं. मी लिहिलं नाही, कारण साहेबांच्या हातात माझा गोपनीय अहवाल होता आणि मला अधीक्षक व्हायचं होतं.

कडुबाला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. दारातच. डाव्या हाताला टेलिफोन, उजव्या हाताला शिक्के मारणारा शिपाई, समोर दिवसभर माणसांची झुंबड. फोन वाजला की तो दोन्ही कानांवर हात दाबून धरायचा आणि घंटा थांबेपर्यंत डोलत राहायचा. फोन उचलायला तिसरा माणूस धावायचा. चार दिवस त्याने काढले. पाचव्या दिवशी अकरा वाजता तो उठला आणि गोदामाच्या जुन्या जागी जाऊन बसला. सहाव्या दिवशीही तेच.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी फाईल घेऊन उभा होतो.

"सोनुने, मी काय बोलतोय?"

"टेबल सोडू नको म्हनून राह्यले."

"मग माझ्याकडे बघून बोल!"

"ऐकून राह्यलो ना, साहेब. बघितलं की ऐकू येत न्हाई."

साहेबांना वाटलं, हा टिंगल करतोय. इतकं खरं वाक्य त्या केबिनमध्ये त्याआधी कुणी बोललं नसेल. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "हा ठार वेडा आहे. याला घालवा. कसं घालवायचं ते तुम्हाला माहीत."

मला माहीत होतं. मी त्याच दुपारी टिपणी लिहिली. फाईलचं पान अकरा. "सदर कर्मचाऱ्याचे मानसिक संतुलन ठीक नसून तो शासकीय काम करण्यास अयोग्य आहे." खाली माझी सही. चांगली, वळणदार सही होती माझी. आता ती कुठे दिसली की मला शिसारी येते.

आठ दिवसांनी कडुबाची धाकटी बहीण सिंधू आली. गावात शिलाईचं काम करायची. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत वर्तमानपत्राचं कात्रण. कडुबाचं लग्न झालेलं नव्हतं. आईला अर्धांगवायू झालेला. घर त्याच्या नोकरीवर आणि तिच्या मशीनवर चालत होतं.

"भाऊसाहेब, दादाला काढून राह्यले म्हने. आमच्या इथले मास्तर म्हन्ले, अपंगांचा नवा कायदा झालाय. नोकरीत असलेल्या मान्साला असं काढता येत न्हाई. दुसरं जमल ते काम द्या म्हने, पन काढायचं न्हाई. हे बघा, छापून आलंय."

तिने कात्रण पसरलं. त्या कायद्याचं परिपत्रक माझ्याच टेबलाच्या दुसऱ्या कप्प्यात होतं. मी ते वाचलेलं होतं. तरी मी चष्मा लावून तिच्या कात्रणाकडे असं पाहिलं, जसं पहिल्यांदाच बघतोय.

"ताई, कायदा आहे," मी म्हणालो, "पण त्याला दाखला लागतो. किती टक्के अपंग ते डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं."

"म्हंजे दाखला आनला तर दादा ऱ्हातो?"

"हो."

"बिलकुल ऱ्हातो? तुमी सांगता ना?"

"सांगतो ना."

ती माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

कडुबाला बाहेरच्या एका वैद्यकीय मंडळासमोर नेलं. कार्यालयातर्फे मी बरोबर होतो. आम्हाला पाच मिनिटं मिळाली. डॉक्टर दमलेले होते, बाहेर शंभर माणसं ताटकळत होती. त्यांनी विचारलं, शंभरातून सात-सात वजा करत जा. कडुबा सुरू झाला. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. डॉक्टर "पुरे, पुरे" म्हणाले. पण तो दोनपर्यंत उतरला तेव्हाच थांबला. सिंधू दारातून कौतुकाने बघत होती. तिला वाटत होतं, दादा पास होतोय.

डॉक्टर मला म्हणाले, "मला भास सांगा, भ्रम सांगा, काही तरी सांगा. हा वेडा नाही. मतिमंदही नाही. हिशेब तर माझ्यापेक्षा पक्का आहे."

"पण साहेब, वेगळा आहे ना जरा," सिंधू म्हणाली. "ल्हानपनापासून. गोंधळ सहन होत न्हाई त्याला. फोन वाजला तरी तरास होतो."

"बाई, कायद्यात यादी आहे. डोळे, कान, हातपाय, कुष्ठरोग, मतिमंद, मनोरुग्ण. वेगळा असं त्यात कुठे नाही. मी काय लिहू?"

त्यांनी शून्य लिहिलं. ते खोटं वागले नाहीत. त्यांच्याकडे तेवढीच यादी होती. हल्ली ज्याला स्वमग्नता म्हणतात ते कडुबाला होतं की आणखी काही, हे मी सांगू शकत नाही. मी डॉक्टर नाही. एवढं मात्र कळतं की शब्द यादीत असता तर माझा हात बांधला गेला असता. पुढे तो शब्द घालून दिल्लीत आणखी एक कायदा झाला, पण त्यात नोकरीचं काही नव्हतं. तो शब्द आणि नोकरीचं संरक्षण एकाच कायद्यात यायला आणखी बरीच वर्षं लागली. तोवर ज्याचा त्याचा कडुबा ज्याच्या त्याच्या आस्थापना शाखेच्या हातात.

दाखला हाती पडताच मी पुढची टिपणी लिहिली. पान चौतीस. "वैद्यकीय मंडळाच्या अहवालानुसार सदर कर्मचारी पूर्णतः सक्षम व मानसिकदृष्ट्या निरोगी आहे. सबब त्याचे वर्तन हेतुपुरस्सर असून शिस्तभंगास पात्र आहे." वेडा म्हणून काढता आला नाही, म्हणून शहाणा ठरवून काढायचा. हे मला कुणी सुचवलं नाही. साहेब म्हणाले, "वा, भाऊसाहेब, डोकं आहे तुम्हाला!" आणि मला बरं वाटलं. बरं वाटलं होतं, हे मुद्दाम लिहितो.

दोषारोपपत्रात मी लिहिलं होतं की वरिष्ठ बोलत असता तो त्यांच्याकडे पाहत नाही, टेबल सोडून जातो, दूरध्वनी उचलण्याऐवजी कानांवर हात ठेवतो. चौकशीत कार्यालयाची बाजू मीच मांडली. त्याच्या बाजूने कुणी उभं राहिलं नाही. पठाडे साक्षीदार होता, तो आमचा.

"तुम्ही साहेबांकडे पाहिलं नाही, हे खरं?"

"खरं."

"टेबल सोडलं?"

"दहा येळा सोडलं. तुम्ही सात लिहिले, ते चुकलं."

चौकशी अधिकारी हसू दाबत होते. दहा मिनिटांत सगळे आरोप सिद्ध झाले. माणूस खरं बोलतो तेव्हा चौकशी फार सोपी जाते. उठताना नियमाप्रमाणे त्याला फाईल पाहू दिली. इतर लोक शेवटचं पान बघून सही करतात. कडुबा पहिल्या पानापासून वाचायला बसला, डोलत, बोट फिरवत. आम्ही चहा पीत होतो. वाचून झाल्यावर तो फाईल घेऊन माझ्याजवळ आला. दोन पानांमध्ये दोन बोटं घातलेली होती.

"भाऊसाहेब, पान अकरावर मी येडा हाये. पान चौतीसवर न्हाई. दोन्ही तुमचंच अक्षर हाये. यातलं बराबर कोन्तं?"

मी चहाचा कप तोंडाला लावला.

"न्हाई, भांडून न्हाई राह्यलो," तो म्हणाला. "एक चुकीचं असंल तर तसं लिहून ठिवा. मागून कोनी फाईल काढली तर त्याला कसं कळंल?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच काळजी होती, की पन्नास वर्षांनी कुणी तो रुमाल सोडला तर त्याला कडुबा सोनुनेबद्दल खरं काय ते कळायला हवं. चौकशी अधिकारी खोलीत होते. मी तिथे एक वाक्य बोललो असतो तर ते लिहून घ्यावं लागलं असतं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "सही कर, कडुबा. जल्दी. लोकांना जायचंय."

त्याने सही केली.

नोव्हेंबरात त्याला सेवेतून काढल्याचा आदेश निघाला. पुढच्याच आठवड्यात अपंग दिनाचा कार्यक्रम होता. मांडव, हार, तीनचाकी सायकलींचं वाटप. अपंगांच्या हक्कांवर साहेबांचं भाषण मी लिहून दिलं होतं. त्यात मी तोच कायदा सांगितला, सोप्या भाषेत, उदाहरणं देऊन. टाळ्या पडल्या. नंतर मागच्या खोलीत भजी आली आणि पठाडे तोंडात भजं कोंबून म्हणाला, "आता रेकॉर्डात जायचं तर वाट कोन दाखवनार?" सगळे हसले. मीही एक भजं खाल्लं. ते गरम तेलकट भजं आजही घशाशी येतं. मे महिन्यात मी अधीक्षक झालो.

सिंधू एकदा आली होती. भांडायला येईल म्हणून मी आधीच आवाज चढवून ठेवला होता. ती दारातच उभी राहिली. "तुमी सांगितल्तं ना, भाऊसाहेब, दाखला आनला तर ऱ्हातो म्हनून. आमी आनला." एवढंच बोलून ती गेली. दाखल्यावर शून्य होतं, हे तिला सांगायला मी तोंड उघडलं होतं. बरं झालं, ती थांबली नाही.

मी निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा घरी रिकामा बसलो, तेव्हा हे सगळं बाहेर येऊ लागलं. चौकशी केली. कडुबा एमआयडीसीत एका बियाणं प्रक्रियेच्या शेडमध्ये कामाला आहे असं कळलं. एका दुपारी गेलो. टेम्पोत बसून वाक्य पाठ करत गेलो, परीक्षेला जाणाऱ्या पोरासारखं.

शेडमध्ये लांब टेबलावर बायका वाईट दाणे निवडत होत्या. टेबलाच्या टोकाला, बियाणं चाळणाऱ्या मशीनपासून दोन हातांवर, कडुबा होता. फोनच्या घंटेने ज्याचा जीव जायचा त्याला आम्ही कुठे आणून बसवलं होतं! मशीनचा असा धडधडाट होता की पायाखालची फरशी हलत होती. त्याने कानांत कापूस कोंबून वरून फडकं घट्ट बांधलं होतं. केस पूर्ण पांढरे. बोटं मात्र भराभर चालत होती, एक दाणा इकडे, एक तिकडे. शेजारची बाई मला ओरडून म्हणाली, "काका, त्येंचं काम असं असतं की आमाला मागून बघावं लागत न्हाई!"

मी समोर जाऊन उभा राहिलो. त्याने मला ओळखलं. रागावला नाही, हसलाही नाही. मी बोलू लागलो. माझंच मला ऐकू येईना. त्याने हाताने थांबवलं आणि मोठ्याने म्हणाला, "भाऊसाहेब, आत्ता ऐकू येत न्हाई. पाचला मशीन बंद होतं. मंग सांगा. मी थांबतो."

साडेतीन वाजले होते. मी बाहेर लिंबाखाली बसलो. चार वाजले. सव्वाचार वाजले. पाचला मशीन बंद पडेल, सगळं शांत होईल, आणि त्या शांततेत मला त्याच्यासमोर उभं राहून बोलावं लागेल, हे जसजसं जवळ येऊ लागलं तसतसा मी टेम्पोच्या रस्त्याकडे बघू लागलो. गावाकडे जाणारा टेम्पो आला आणि मी त्यात चढून बसलो. वळताना शेडच्या दारातून तो एकदा दिसला. मान खाली, बोटं चालू. तो पाचला बाहेर येऊन थांबला असणार. किती वेळ थांबला असेल, तो विचार मी करत नाही.

दोन पावसाळ्यांनंतर तो तापाने गेला, असं धावड्याकडच्या एका माणसाकडून कळलं. मातीला मी गेलो नाही.

सांगायचं होतं ते फार मोठं नव्हतं. कडुबा, तुझं काहीच चुकलं नव्हतं, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं.